वाकडी जीप आणि टिचकीआत्या

टिचकी उंदीर निघाली. आज दादाच्या बाळाचं बारसं! टिचकी आत्या. आत्या नाही, तर कानात नाव सांगणार कोण?

बसली जीपमध्ये. घुर्र घुर्र! रस्ता सरळ, जीप डावीकडं! धप्प! टिचकी गवतात.

"जीपबाई, जीपबाई, सरळ जा!"
"कशी जाऊ? कालच खाली स्प्रिंगचे नवे पाटे घातले. चाक तिरकं झालं. त्याला सांग!"

टुणुक टुणुक, चाकाकडं.
"चाकदादा, चाकदादा, सरळ हो!
जीप सरळ जाईना, बाळाला नाव मिळेना!"
"मी नाही होत, जा! मला जोडलेली दांडी सरकू दे."

टुणुक टुणुक, दांडीकडं.
"दांडीताई, दांडीताई, सरक!
चाक सरळ होईना,
जीप सरळ जाईना, बाळाला नाव मिळेना!"
"मी नाही सरकत, जा! पाना फिरू दे."

टुणुक टुणुक, पान्याकडं.
"पानेराव, पानेराव, फिरा!
दांडी सरकेना,
चाक सरळ होईना,
जीप सरळ जाईना, बाळाला नाव मिळेना!"
"मी नाही फिरत, जा! मला का हात आहेत? हौसा मिस्त्रीण उठू दे."

टुणुक टुणुक, हौसाकडं. ती भाकरी खात होती.
"हौसाकाकू, हौसाकाकू, उठा!
पाना फिरेना,
दांडी सरकेना,
चाक सरळ होईना,
जीप सरळ जाईना, बाळाला नाव मिळेना!"
"मी नाही उठत, जा! चाकाचं माप दोरीनं घेतात. दोरी बांधली शेळीला. मेली गाठ सुटेना!"

टुणुक टुणुक, शेळीकडं.
"शेळीआजी, शेळीआजी, दोरी दे!
काकू उठेनात,
पाना फिरेना,
दांडी सरकेना,
चाक सरळ होईना,
जीप सरळ जाईना, बाळाला नाव मिळेना!"
"ब्यॅऽऽ! मी धरून ठेवलीय होय? तूच सोड गाठ!"

टिचकी भडकली. "हा म्हणे त्याला सांग, तो म्हणे तिला सांग! माझे दात काय नुसते हसायला?"

कुर्रुम कुर्रुम! गाठ तुटली!

शेळी सुटली, धावली भाकरीकडं.
"अगं ए भवाने!" काकू उठल्या.
दोरी ताणली, टण्ण!
पाना फिरला, कर्र कर्र!
दांडी सरकली,
चाक सरळ झालं,
जीप सरळ निघाली. घुर्र घुर्र घुर्र!

दारात वहिनी. "आलात का वन्सं! बाळ खोळंबलंय!"

टिचकी वाकली. कुर्रर्रर्र! बाळाच्या कानात म्हणाली, "गुलछबू!"

आणि आत्याच्या पाठीत धपाटे. धप धप धपाधप! आत्याच्या हक्काचे!