फुटायला नेमलेली काच

घड्याळांना रोज चावी द्यावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. एका नगरपालिकेच्या सभागृहाच्या भिंतीला तडा गेला होता. वार्षिक पाहणीला आलेल्या ओव्हरसियर धोंगडेसाहेबांनी तड्यावर आडवी एक काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली.

"तू काय भिंत धरून ठेवणार?" त्याच भिंतीवरच्या घड्याळाने विचारलं.

"छे! भिंत जराशी सरकली, की मी फुटणार."

घड्याळ खो खो हसलं. "फुटायला कशाला कुणाला नेमायला हवं?"

"हवं," पट्टी ठामपणे म्हणाली. "भिंत सरकलेली तुला कळणार नाही. मला कळेल."

श्रावणात, भर सभेत, पट्टी कट्कन फुटली.

"बघा, म्हटलं नव्हतं? कुचकामी!" घड्याळ म्हणालं.

शिपाई गंगुर्डे मात्र धावत धोंगडेसाहेबांच्या कचेरीत गेला. "साहेब, पट्टी फुटली. दुसरी लावू का?"

"पट्टीचं नंतर बघू. आधी सगळ्यांना बाहेर काढ!"

माणसं बाहेर आली. घड्याळही उतरवलं. छताला टेकू दिले आणि भिंत पाडून नवी बांधली.

दिवाळीनंतर घड्याळ पुन्हा खिळ्यावर चढलं. टिकटिक सुरू करण्याआधी त्याने नव्या भिंतीला हळूच विचारलं, "तुझ्यावर फुटायला कुणाला नेमलंय?"