कुंभारणीची दारं

रानातल्या झाडांना अजून मालक नव्हते तेव्हाची गोष्ट. एका वडाच्या ढोलीत झुपकी खार राहायची. वडावरच्या सगळ्या ढोल्यांना मातीची दारं कुंभारीण माशीनं करून दिलेली. एकदा झुपकीच्या दाराला तडा गेला. आत डोळेही न उघडलेली पिल्लं, आणि बाहेर साप घिरट्या घालतोय. ती धावत ओढ्याकाठी माती मळणाऱ्या कुंभारणीकडे गेली.

"वडाची कामं सोडली आम्ही," कुंभारीण म्हणाली. "आता फक्त राजाच्या बागेतली झाडं. वडाचा काय नेम? रोज नवी पारंबी!"

"अहो, अख्खा वड तुमच्या भरवशावर आहे! बरं, मातीत काय कालवता तेवढं सांगा. मीच लिंपते."

"ते आमचं गुपित."

"म्हणजे तुम्ही करणार नाही आणि मलाही करू देणार नाही? पिल्लं काय सापाला देऊ?"

कुंभारणीनं पंख झटकले.

"आता निघालात कुठे?"

"घरी. वडाच्या शेंड्याला. एवढं भक्कम झाड दुसरं कुठाय?"

झुपकीनं कपाळावर हात मारला. घरी येऊन तिनं ते दार दातांनी फोडलं आणि काटक्यांचं नवं विणायला घेतलं. प्रत्येक गाठ कशी मारायची ते ती ओरडून सांगत होती, साऱ्या वडाला ऐकू जाईल असं.