टी-शर्टावरची उडती तबकडी

पूर ओसरल्यावर पालकमंत्री हारतुरे घ्यायला गावात आले, तर सभेत पुढं बसलेल्या सगळ्या बायकांच्या अंगात एकसारखाच टी-शर्ट. त्यावर जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखं चित्र: बुडालेलं गाव, वर उडती तबकडी आणि तिच्यात पांढरी टोपी घातलेला हिरवा परग्रहवासी.

मंत्री भडकले. "माझ्या हवाई पाहणीची टिंगल करता? कुणी छापलं हे?"

त्या बायकांमधली कुंदा उठली. "मी छापलं. पण हे तुम्ही नव्हे, साहेब. माझी आई पत्र्यावर उभी राहून लुगडं हलवत होती, तेव्हा तुम्ही वरून हात हलवून निघून गेलात. संध्याकाळी ती वाहून गेली."

तिनं चित्रावर बोट ठेवलं.

"नीट बघा. हा परका असूनही यानं खाली शिडी सोडलीय."