एका वेळी एकच तक्रार

डॉक्टर रणदिव्यांच्या टेबलावर एक पाटी होती : 'एका वेळी एकच तक्रार सांगावी.' कुणी दुसरी काढली, की डॉक्टर पाटीवर पेनानं टकटक करत आणि ओरडत, "पुढचा!"

विठोबा शिंपी खोकल्यासाठी गेला होता. "अन् पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही," एवढं तो बोलतोय तोवर टकटक झाली. त्याची साखर वाढलेली होती, पण ती तपासलीच गेली नाही. तीन महिन्यांनी अंगठा कापावा लागला. शिलाई मशीन चालवणारा पाय तो.

त्याची बायको हौसाक्का पेटून उठली. ऐन गर्दीत ती दवाखान्यात शिरली आणि आतल्या खोलीचं दार तिनं सताड उघडं ठेवलं.

"एकच तक्रार. बोला," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

"एकच हाय. अन् ती तुमच्याविरुद्ध हाय."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"माणूस काय तुकड्यातुकड्यानं आजारी पडतो व्हय? तुम्ही खोकला तेवढा ऐकलात, अन् माझ्या मालकाचा अंगठा गेला!"

"बाई, आवाज खाली! बाहेर पेशंट ताटकळलेत."

हौसाक्का दाराकडे वळली. "तुमची काय तक्रार हाय? एकेकच सांगा."

बाकावरची म्हातारी काठी टेकत उठली. "माझीबी हीच."

"माझीबी," मागून कुणी म्हणालं. बघता बघता सगळा बाक उभा राहिला.

हौसाक्कानं डॉक्टरांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पाटीवर टकटक केली.

"हं डॉक्टर, आता म्हणा, पुढचा!"