आपोआप थांबणारी गाडी

डोंगरावर माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे कुणी नवी युक्ती काढली की घोरपड ती तपासायची आणि ती काढणाऱ्याला तिचा हक्क द्यायची. मग इतरांना ती वापरण्याआधी त्याची परवानगी घ्यावी लागे.

एका मुंगसाने गाडी बनवली. उतार लागला की तिच्यातला लोंबता दगड पुढे झुकायचा, चाक दाबायचा आणि गाडी आपोआप थांबायची. मुंगसाने अर्जात लिहिले, "आपोआप थांबणारी प्रत्येक गाडी माझी."

घोरपडीने गाडी उतारावर सोडून पाहिली. ती थांबली. तरी तिने अर्ज परत केला.

"का, घोरपडबाई? तीन पावसाळे खपलोय मी!"

घोरपड त्याला नदीकाठी घेऊन गेली. तिथे सायाळ जखमी जनावरांना गाडीतून नेत होती. गाडीपुढची काठी झाडाला टेकली, मागे सरकून चाकांत अडकली आणि गाडी आपोआप थांबली.

"ही गाडी तुझ्या आधीची आहे," घोरपड म्हणाली. "तुला हक्क दिला, तर सायाळीला तुझी परवानगी मागावी लागेल. तीन पावसाळ्यांत तू नेमकं काय शोधलंस? तेवढंच लिही."

मुंगसाने रागाने शेपटी आपटली. मग त्याने आधीची ओळ खोडली आणि फक्त लोंबत्या दगडाची युक्ती लिहिली. घोरपडीने तिथेच शिक्का मारला.

सायाळ जवळ आली. "उतारावर माझी काठी कामाची नाही रे. तुझी युक्ती मी वापरू का?"

"वापर की," मुंगूस म्हणाले, "पण बसवायला मीच येतो. दगडाचं वजन चुकलं, तर गाडी उलटते."