पिवळी टोपी

हौशी गोल्फ मंडळाचा मैत्री सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. सर्वांत कमी फटक्यांत खेळ संपवेल तो जिंकला. म्हणून कच्च्या खेळाडूला काही फटके माफ असतात. कुणाला किती माफ, ते कुंदाताई पाटणकर लिहीत.

"माझ्या नऊचे चोवीस करा," अध्यक्ष भाऊसाहेब ढमढेरे टेबलावर वाकून म्हणाले. "गुडघा दुखतोय. जमत नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

चोवीस माफ म्हणजे करंडक खेळण्याआधीच त्यांच्या घरी. ऐकणारे सगळे खाली मान घालून बुटांच्या नाड्या बांधत राहिले. नाही म्हणावं, तर कुंदाताईंचा पंधरा वर्षांचा खेळ सुटणार.

तेवढ्यात भाऊसाहेबांचे नवे व्याही येऊन उभे राहिले. महिनाभर भाऊसाहेबांच्या फटक्यांची वर्णनं ऐकून ते मुद्दाम साताऱ्याहून आले होते.

कुंदाताईंनी निमूटपणे चोवीस लिहिले आणि शेजारच्या पेटीतून एक पिवळी टोपी काढून भाऊसाहेबांपुढे धरली.

"हे काय?"

"विसाच्या वर माफी घेणाऱ्या नवशिक्याने ही घालायची. नियमाखाली सही तुमचीच आहे." मग त्या व्याह्यांकडे वळल्या. "तुम्ही जरा झाडामागून बघा हं. पिवळ्या टोपीवाल्यांचा चेंडू कुठेही जातो."

भाऊसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"नऊच ठेवा," ते पुटपुटले.

"आणि गुडघा?"

"कुठला गुडघा?" भाऊसाहेब ओरडले.