वालुकाश्माची भेग

माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा जमिनीखाली काळी शिळा आणि घट्ट वालुकाश्म अगदी खेटून राहायचे. शिळेच्या पोटात तेल झालं आणि उष्णतेनं असं फुगलं की बिचारीला श्वास घेता येईना.

"भाऊजी, माझी लेकरं तुमच्याकडे ठेवून घ्या, नाहीतर मी फुटेन," ती म्हणाली.

"वहिनी, माझ्या खोल्या मोहरीहून बारीक, त्यांना धड दारं नाहीत. पलीकडे तो सुट्या वाळूचा ऐसपैस थर आहे ना?"

"त्याच्या घराला छप्पर कुठंय? थोरली तिकडेच गेली. वर उन्हात निघाली आणि डांबर होऊन बसली. तुमच्यावर निदान चिकणमातीचं जाड छप्पर आहे. आणि दार नाही कसं? भूकंपात पडलेली भेग तुम्ही चुन्यानं बुजवताय, दिसतं मला."

वालुकाश्म ओशाळला. "चारचौघांत बरं दिसत नाही हो."

"एवढ्या अंधारात बघायला येतंय कोण?"

त्यानं चुना भरणं थांबवलं. शिळेनं जोर लावला, तसं तेल भेगेतून खोल्याखोल्यांत शिरलं. शिळेनं मोकळा श्वास घेतला.

"काका, फार दाटी होतेय," एक थेंब कुरकुरला.

"सरकून बस जरा," वालुकाश्म म्हणाला, "धाकटी अजून यायचीत."